गुडघ्यावर भार असताना यंत्र बंद करायचे कसे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघाताने किंवा मणक्याच्या दुखापतीने पायांतली ताकद गेलेली व्यक्ती कमरेला आणि पायांना बांधलेल्या एक्सोस्केलेटनच्या, म्हणजे मोटरींवर चालणाऱ्या बाहेरच्या सांगाड्याच्या, आधाराने उभी राहते, चार पावले टाकते, ही बातमी कोणालाही सुखावणारीच. अशा बातम्यांत मोटरींची ताकद असते, बॅटरी किती वेळ चालते ते असते, यंत्राचे वजनही असते. एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो. चालता चालता यंत्राचा एखादा सेन्सर चुकला, तर पुढच्या पाव सेकंदात नेमके काय होते?

यावर विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असते: ‘काही झाले तरी यंत्र आपोआप बंद पडते.’ कारखान्यातल्या लेथला हे उत्तर पुरते. माणूस बांधलेल्या यंत्राला पुरत नाही. चालताना एक वेळ अशी येते की सगळा भार एकाच पायावर असतो आणि तो गुडघा किंचित वाकलेला असतो. त्या क्षणी गुडघा धरून ठेवते ती मोटर. तिचा करंट तोडला की गुडघा दुमडतो आणि माणूस जागच्या जागी खाली येतो. स्वतःच्या स्नायूंनी सावरण्याची सोय त्याच्याकडे नसते; म्हणून तर तो यंत्रात आहे. त्यात मणक्याची दुखापत जुनी असेल तर वापराअभावी पायांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि दुखल्याचे कळतही नाही. उलट पाय हवेत असताना यंत्राने सांधे जागच्या जागी आवळून धरले, तर चवडा जमिनीला अडतो आणि माणूस पुढे झेपावतो.

थोडक्यात, ‘सुरक्षित स्थिती’ एकच नसते. ज्या पायावर भार आहे तो धरून ठेवायचा, जो हवेत आहे तो सावकाश खाली आणायचा, दोन्ही पाय टेकले की थांबायचे आणि माणूस खुर्चीत बसला असेल तरच वीज तोडायची. ट्रेडमिलवरच्या यंत्रात वरून हार्नेस असल्याने पडण्याची भीती कमी, पण तिथे वेगळीच गंमत: पाय थांबले आणि ट्रेडमिलचा पट्टा चालूच राहिला, तर तळपाय मागे ओढले जातात. दोन्ही एकत्रच थांबले पाहिजेत.

हे काही आम्हीच काढलेले खुसपट नाही. अमेरिकेत औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २०१४ मध्ये अशा पहिल्या यंत्राला बाजारात येऊ दिले, तेव्हा विचारात घेतलेल्या धोक्यांत पडणे आणि बिघाडामुळे होणारी अनपेक्षित हालचाल हे दोन्ही होते. पुनर्वसनाच्या रोबोंसाठी २०१९ पासून आयईसी ८०६०१-२-७८ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. वैद्यकीय विद्युत उपकरणांचे मूळ मानक तर एक बिघाड झाल्यावरही उपकरण सुरक्षित राहिले पाहिजे, असेच सांगते. अडचण आहे ती ‘एक बिघाड’ म्हणजे काय, हे ठरवताना.

एका पायाला किती सेन्सर असतात ते पाहा. मोटरच्या मागे फिरणे मोजणारा एक एन्कोडर, गिअरबॉक्सच्या पुढे सांध्यावर दुसरा, मांडीवर आणि नडगीवर कल ओळखणारे आयएमयू, सांध्यातला जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, बुटाच्या तळाशी दाबाचे सेन्सर, मोटरचा करंट मोजणारा सेन्सर, तापमानासाठी थर्मिस्टर. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातून पुढे आलेल्या एचएएलसारख्या यंत्रांत कातडीवरून स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणारे इलेक्ट्रोडही असतात. यातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने खोटे बोलतो. ठार मेलेला सेन्सर त्यातल्या त्यात बरा, तो लगेच ओळखू येतो. भीती असते ती पटेल असे खोटे बोलणाऱ्याची.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सेन्सर म्हणजे बुटातला दाबाचा पातळ चकतीसारखा सेन्सर. पाय जमिनीवर आहे की हवेत, हे पुष्कळ यंत्रांत तोच ठरवतो. दाब नसताना त्याचा रोध प्रचंड असतो आणि दाबल्यावर तो एखाद-दोन किलोओहमपर्यंत उतरतो. आता त्याची वायर तुटली तर? रोध अनंत, म्हणजे ‘पाय हवेत’. तुटलेली वायर आणि उचललेला पाय यंत्राला अगदी सारखे दिसतात! मग भार असलेला पाय उचलायचा, असे यंत्र ठरवते. यावरचा इलाज काही पैशांचा आहे: सेन्सरला समांतर १०० किलोओहमचा एक रेझिस्टर. पाच व्होल्टचा पुरवठा आणि बोर्डावर १० किलोओहमचा रेझिस्टर धरला, तर पाय हवेत असताना सुमारे ०.४५ व्होल्ट मिळतात, जोरात दाबल्यावर साडेचारच्या आसपास. शून्य व्होल्ट आले की वायर तुटली, पूर्ण पाच आले की शॉर्ट. निरोगी पायाकडून ही दोन रीडिंग कधीच येत नाहीत. मात्र हा रेझिस्टर बुटाच्या टोकाला, सेन्सरलगत बसवला पाहिजे. बोर्डावर बसवला तर वायर तुटली तरी तो ०.४५ व्होल्ट दाखवतच राहील आणि सगळी युक्ती वाया. आगीच्या अलार्मच्या वायरिंगमध्ये हीच युक्ती जुनी आहे. चालवणाऱ्या यंत्रांत ती सर्रास का नसावी, हे कोडे आहे.

याच सेन्सरचा दुसरा दोष म्हणजे तो दबून दबून ‘बसतो’. बराच वेळ भार राहिला की रीडिंग हळूहळू सरकते आणि भार काढल्यावर लगेच मूळपदावर येत नाही. त्यामुळे यावरून वजन मोजू नये, ‘टेकला की नाही’ एवढेच विचारावे. तेही टेकण्याची आणि उचलण्याची पातळी वेगवेगळी ठेवून, म्हणजे सीमारेषेवर यंत्र सारखे हो-नाही करत बसत नाही. आणि एक मानवी चूक: डाव्या-उजव्या बुटांचे कनेक्टर अदलाबदल होणे. दोन्ही सेन्सर ठणठणीत, रीडिंग चोख, फक्त पाय चुकीचा. सॉफ्टवेअरच्या तपासण्यांतून ही चूक सहज निसटते. दोन बाजूंना वेगळ्या आकाराचे कनेक्टर दिले की प्रश्न मिटतो.

एन्कोडरचे दुखणे वेगळे. मोटरमागचा इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त ‘किती सरकलो’ ते मोजतो, ‘कुठे आहे’ ते त्याला ठाऊक नसते. २०४८ रेघांच्या चकतीवर चौपट मोजणी केली तर मोटरच्या एका फेऱ्यात ८,१९२ मोजण्या होतात. शंभरपट गिअर असेल तर सांध्याच्या एका फेऱ्याला ८,१९,२००. म्हणजे एक मोजणी ०.०००४४ अंशाची. कागदावर हे डोळे दिपवणारे आहे. पण मोटरच्या वायरीतल्या विजेच्या खडखडाटामुळे दर पावलाला ५० मोजण्या एकाच दिशेने सुटत गेल्या, तर पावलामागे ०.०२२ अंशाची चूक होते आणि ३०० पावलांनंतर ती साडेसहा अंशांवर जाते. पूर्ण सरळ झालेल्या गुडघ्याला आणखी साडेसहा अंश मागे ढकलणे म्हणजे काय, हे कोणत्याही फिजिओथेरपिस्टला विचारावे. म्हणून सांध्यावर ॲब्सोल्यूट एन्कोडर हवाच. तो १४ बिटांचा असला तरी ०.०२२ अंश दाखवतो आणि वीज जाऊन आली तरी आपली जागा विसरत नाही. आणि हे सगळे मोडले तरी गुडघा उलटा जाणार नाही, अशी लोखंडी आडकाठी सांध्यात असावी. तिला ना वीज लागते, ना सॉफ्टवेअर.

आयएमयूतला फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप सरकतो, म्हणजे त्याचे रीडिंग हळूहळू चुकत जाते. सेकंदाला ०.१ अंशाची सरक क्षुल्लक वाटते. तिची नुसती बेरीज केली तर मिनिटाला ६ अंश होतात. त्वरण मोजणाऱ्या ॲक्सिलरोमीटरच्या मदतीने ही चूक आवरता येते, पण ती पाय तुलनेने शांत असताना. टाच आपटते त्या क्षणी ॲक्सिलरोमीटरवर विसंबू नये. मोटरी आणि लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर तर जमेत धरूच नये.

स्नायूंच्या संकेतांबद्दल थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रोड वाळतो, घामाने सुटतो, पट्टा सरकला की शेजारच्या स्नायूवर जातो. कामाचा संकेत साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो. त्यात ५० किंवा ६० हर्ट्झची घरगुती विजेची गुणगुण अचानक वाढली, तर बहुतेक वेळा इलेक्ट्रोड सुटलेला असतो. अशा वेळी यंत्राने ‘रुग्णाने जोर लावला’ असे समजू नये, एवढे पाहावे आणि ठरावीक चालीवर यावे.

आता केबल. दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चक्र धरले, तर अर्ध्या तासात एकेक गुडघा ९०० वेळा वाकतो. दिवसाला पाच रुग्ण, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १,१२,५०० वेळा. सांध्यावरून जाणारी साधी केबल एवढे सोसत नाही. तुटते तीही अशी की बाहेरचे आवरण शाबूत राहते, आतली तार ४० अंशांच्या पुढे वाकल्यावरच सुटते आणि पाय सरळ झाला की पुन्हा चिकटते. दुरुस्तीला आलेला माणूस यंत्र टेबलावर सरळ ठेवून तपासतो आणि ‘ओके’ लिहून जातो. हा लूज कॉन्टॅक्ट पकडायचा तर सांधा हाताने पूर्ण पल्ल्यातून सावकाश वाकवत रीडिंगकडे पाहावे लागते आणि कनेक्टरजवळ केबल हलवून पाहावी लागते. केबलचे वळण तिच्या जाडीच्या निदान आठ-दहा पट त्रिज्येचे असावे, दोन्ही टोकांना ओढ न बसेल असा आधार असावा आणि घामाचा संबंध येतो तिथे सोन्याचा मुलामा असलेले, झाकलेले कनेक्टर असावेत.

खोटे पकडायचे कसे, हा पुढचा भाग. एकाच सेन्सरवर विसंबायचे नाही, हे तर उघडच आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जण गेले; त्या विमानांतली प्रणाली एका वेळी एकाच कोनमापक सेन्सरचे ऐकत होती. पण दोन सेन्सर लावले म्हणजे काम झाले, असेही नाही. दोघांत भांडण आहे एवढेच त्यातून कळते, खोटारडा कोण ते कळत नाही. तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो विकत घ्यावाच लागतो असे नाही. मोटरचा कोन भागिले गिअर, सांध्यावरचा कोन, आणि मांडी व नडगीच्या कलांतला फरक, हे तिन्ही आकडे एकाच गुडघ्याचे आहेत. सांधा आणि आयएमयू यांचे जुळते पण मोटर वेगळे सांगते, तर मोजण्या सुटल्या असतील किंवा कपलिंग घसरले असेल. मोटर आणि सांधा जुळतात पण आयएमयू वेगळे सांगतो, तर आयएमयू सरकला असेल. तो अंगावरच्या पट्ट्यात बसवलेला असेल तर पट्टाच सैल झाला असेल. या शेवटच्या प्रकारात एकही सेन्सर बिघडलेला नसतो, यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा यांची फारकत झालेली असते, आणि ते सांगणारा तेवढा एकच सेन्सर असतो. त्याला मतदानात हरवून गप्प बसवणारे सॉफ्टवेअर रुग्णाच्या कातडीचे सोलपट काढते.

जोराच्या बाबतीतही असाच हिशेब करता येतो. करंट ४ अँपिअर, मोटरचा स्थिरांक अँपिअरला ०.१ न्यूटन-मीटर, गिअर १००, कार्यक्षमता सत्तर टक्के: सांध्यावर सुमारे २८ न्यूटन-मीटर यायला हवेत. टॉर्क सेन्सर ६० म्हणत असेल आणि पाय मात्र संथपणे ठरल्या वेगाने चालला असेल, तर संशय सेन्सरवर घ्यावा. इथेच एक खरी अडचण येते. स्नायूंना अचानक उबळ आली तरी टॉर्क असाच उसळतो. फरक एवढाच की स्नायूला जोर चढवायला दहाच्या काही पट मिलिसेकंद लागतात आणि त्याबरोबर करंट व कोनातली चूकही वाढते. सेन्सरची उसळी एखाद्या मिलिसेकंदात येते आणि एकटीच येते. सुदैवाने पहिल्या क्षणी हा निवाडा लावण्याची गरजच नसते. दोन्हींवर पहिली कृती एकच: झगडायचे नाही, जोर उतरवायचा. कारण नंतर शोधता येते.

साक्षीदार वेगवेगळ्या घरचेही असावेत. तिन्ही सेन्सर एकाच पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर असतील आणि तो साडेचारवर घसरला, तर तिन्ही मिळून एकच खोटे सांगतील, तेही एकमताने. जुनेच रीडिंग पुन्हा पुन्हा येत राहणे हा आणखी एक छुपा रोग. त्यासाठी सेन्सरच्या प्रत्येक संदेशात वाढता क्रमांक आणि बेरीज-पडताळणी हवी; क्रमांक पुढे सरकला नाही की माहिती शिळी समजायची. आणि कालमन फिल्टरला, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांतली गडबड गाळून अंदाज बांधणाऱ्या गणिताला, सगळ्या रोगांवरचा काढा समजण्याची खोड सोडायला हवी. एखादी उसळी तो छान गिळतो, पण सावकाश सरकणाऱ्या खोट्यामागे तोही सावकाश सरकत जातो.

मर्यादा किती ठेवायची, यावर अभियंते आणि फिजिओथेरपिस्ट यांची नेहमी जुंपते. हवेतल्या पायाचा गुडघा सेकंदाला ७५ अंशांच्या वेगाने वाकत असेल, तर बिघाड २० मिलिसेकंदांत पकडला म्हणजे दीड अंशाची चूक, १०० मिलिसेकंदांत पकडला तर साडेसात अंशांची. मग सगळेच २० मिलिसेकंदांवर का नको? कारण तितक्या घाईने टाच आपटण्याचा दणकाही बिघाड ठरतो आणि यंत्र दर दहा पावलांनी थांबते. मग ‘लांडगा आला रे’ होते: कोणीतरी वैतागून मर्यादा दुप्पट करतो किंवा अलार्मचा आवाजच बंद करतो. आमच्या मते एकच आकडा सगळीकडे लावणे हीच चूक आहे. टाच टेकताना मर्यादा सैल, पाय हवेत असताना आवळलेली, आणि गुडघा पूर्ण सरळ होण्याच्या शेवटच्या दहा अंशांत सर्वांत कडक असावी.

पकडल्यावर पर्यायी सेन्सरवर जाताना झटका बसू नये, हेही महत्त्वाचे. जुना आकडा ३२ अंश आणि नवा ३६ असेल, तर कंट्रोलर ते चार अंश एका क्षणात भरून काढायला जाईल. दोन आकड्यांतले अंतर २०० ते ५०० मिलिसेकंदांत मिटवायचे, मधल्या काळात वेग आणि करंटची कमाल मर्यादा खाली आणायची. पर्यायी सेन्सरवर सत्र पुढे रेटायचे नाही. हातातले पाऊल पुरे करायचे, दोन्ही पाय टेकवायचे, थेरपिस्टला ‘डावा गुडघा, कोन सेन्सर’ अशा साध्या शब्दांत सांगायचे आणि बसवायचे. ‘एरर ई-४७’ वाचून कोणालाही काही कळत नाही, मग रीसेट दाबला जातो.

रीसेट दाबण्याला नियम हवा. एकाच सत्रात तोच बिघाड दुसऱ्यांदा आला, की त्या दिवसापुरते यंत्र बाजूला. यंत्राने बिघाडाच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच सेकंदे, कोणता पाय टेकलेला होता यासह, साठवून ठेवावीत आणि ती नोंद केंद्राला स्वतः उघडता यावी. आज पुष्कळदा ती फक्त कंपनीच्या माणसाला दिसते.

रोजच्या तपासणीला दहा मिनिटे पुरतात. यंत्रात रुग्ण नसताना सांधा ० आणि ९० अंशांवर ठेवून गोनिओमीटरशी (कोन मोजण्याच्या साधनाशी) ताडून पाहावा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर कॅलिब्रेशन झाल्याशिवाय वापरू नये. सांध्यापासून ३० सेंटिमीटरवर, आडव्या धरलेल्या पट्टीला ५ किलोचे वजन टांगावे. वजन टांगण्याआधीच्या रीडिंगपेक्षा टॉर्क सुमारे १४.७ न्यूटन-मीटरने वाढला पाहिजे. डाव्या बुटाची टाच अंगठ्याने दाबावी आणि पडद्यावर डावी टाचच उजळते ना, ते पाहावे. मग चवडा, मग उजवा बूट. टॉर्क सेन्सर झीरो करताना रुग्ण यंत्रात उभा नसावा, नाहीतर त्याच्या पायाचे वजनच ‘शून्य’ ठरते आणि दिवसभर प्रत्येक हिशेब तेवढ्याने चुकतो. घाईत होणारी ही चूक आहे आणि ती कोणताही अलार्म वाजवत नाही.

यंत्र घेऊ पाहणाऱ्या केंद्रांनी प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक मागणी करावी. माणसाऐवजी वजन भरलेला पुतळा बांधून यंत्र चालवायला सांगावे आणि चालू असताना एकेक सेन्सरची वायर काढून दाखवायला सांगावे: एकदा पाय हवेत असताना, एकदा टेकलेला असताना, एकदा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. शिवाय सॉफ्टवेअरमधून कोनात ५ अंशांची चूक घालून, सेकंदाला ०.१ अंशाची सरक घालून आणि रीडिंग १०० मिलिसेकंद गोठवून काय होते तेही पाहावे. यातली सरक पकडायला यंत्राला किती वेळ लागला, तो आकडा लिहून घ्यावा आणि खरेदीच्या कागदांना जोडावा. वायर काढायला विक्रेता तयार नसेल, तर सांध्यावरच्या केबलचा एक सुटा संच तरी करारात आधीच मागून ठेवावा. तो लवकरच लागेल.

आपले,
पुनर्वसन यंत्रांच्या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते व फिजिओथेरपिस्ट